रॉबर्ट अ‍ॅबट आणि शिकागो डिफेंडर: पेपर छापला कसा यापेक्षा तो पोचला कसा

तुम्ही दोन प्रश्न विचारले होते. शिकागो डिफेंडर या काळ्या लोकांच्या साप्ताहिकाच्या मालक-संपादक रॉबर्ट अ‍ॅबटने खरंच 25 सेंटमध्ये पेपर सुरू केला का, आणि त्याच्या पेपरमुळे अमेरिकेच्या दक्षिणेतले लाखो काळे लोक गाव सोडून उत्तरेला गेले असं जे सांगतात त्यात तथ्य किती. मी आयुष्य पेपरच्या सर्क्युलेशनमध्ये घालवलंय, मध्यरात्री गठ्ठे बांधून एसटीत टाकणं, एजंटांची बिलं वसूल करणं, परत आलेले अंक मोजणं, हेच काम. त्यामुळे उत्तर त्याच अंगाने देतोय, कारण अ‍ॅबटबद्दल जे काही लिहितात त्यात त्याच्या अग्रलेखांचं आणि मोठ्या हेडलाइनचं कौतुक भरपूर असतं पण तो अंक शिकागोहून मिसिसिपीतल्या एखाद्या कापसाच्या शेतापर्यंत पोचायचा कसा हे एका ओळीत उरकतात, आणि माझ्या मते त्याच्या कर्तृत्वाचं मूळ तिथेच आहे.

आधी 25 सेंटचं. हो, 25 सेंट हे खरं आहे, मे 1905 मध्ये पहिला अंक निघाला, 4 पानं, 300 प्रती. पण 300 प्रती 25 सेंटमध्ये छापून होत नाहीत हे कुणालाही कळेल, छपाई उधारीवर होती आणि त्या 25 सेंटमध्ये फार तर वह्या-पेन्सिली आल्या. खरं भांडवल वेगळंच होतं. हा माणूस ट्रेनिंग घेतलेला प्रिंटर होता, खिळे जुळवण्यापासून मशीनपर्यंतचं काम हाताला माहीत असलेला, आणि एक पान बांधायला काय लागतं, कुठे पैसे वाचतात, प्रेसवाल्याशी बोलायचं कसं हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती. नुसती तळमळ घेऊन पेपर काढणारे तेव्हाही खूप होते आणि आताही आहेत, बहुतेक सहा महिन्यांत बसतात.

आता हा माणूस आला कुठून ते सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. जॉर्जियाच्या किनाऱ्याजवळच्या सेंट सायमन्स बेटावर त्याचा जन्म, यादवी युद्ध संपून गुलामी कायद्याने गेली त्याला जेमतेम काही वर्षं झालेली. आईवडील दोघंही गुलामीत जन्मलेले. वडील तो तान्हा असतानाच गेले, आई फ्लोरा त्याला घेऊन सव्हाना शहरात आली आणि तिथे तिने जॉन सेंगस्टाकशी लग्न केलं. या सावत्र वडिलांची कहाणी विलक्षण आहे, त्यांचा बाप जर्मन आणि आई त्याने लिलावात विकत घेऊन मुक्त केलेली आफ्रिकन बाई, आई गेल्यावर हा मुलगा जर्मनीत वाढला आणि मोठा होऊन जॉर्जियाला परत आला तर इथल्या हिशोबात तो काळा. शिकलेला, भाषा येणारा, पुढे पाद्री आणि मास्तर झाला, वुडव्हिल नावाच्या वस्तीत शाळा चालवली आणि एक छोटा पेपरही काढला. रॉबर्टने त्यांचं नाव आपल्या नावात घेतलं, रॉबर्ट सेंगस्टाक अ‍ॅबट, आणि शेवटपर्यंत ठेवलं. पेपरचं वेड घरातूनच आलं म्हणायचं.

सव्हानात एका पेपरच्या छापखान्यात पोरगा म्हणून काम केलं, मग व्हर्जिनियातल्या हॅम्प्टन इन्स्टिट्यूटमध्ये छपाई शिकला. हॅम्प्टनच्या गाणाऱ्या चौघांच्या ग्रुपमध्ये होता म्हणून 1893 च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनाला जायला मिळालं, तिथे गुलामीतून सुटून काळ्या लोकांचे मोठे पुढारी झालेल्या फ्रेडरिक डग्लस यांचं भाषण ऐकलं, आणि शहर डोक्यात बसलं. नंतर शिकागोलाच येऊन केंट कॉलेजातून कायद्याची डिग्री घेतली. पण वकिली चालली नाही. एडवर्ड मॉरिस म्हणून शिकागोतले नामांकित कृष्णवर्णीय वकील होते, त्यांनी त्याला सांगितलं की तू कोर्टात छाप पाडायला जरा जास्तच काळा आहेस. हे सांगणारा गोरा नव्हता हे लक्षात घ्या. सव्हानाच्या शाळेतसुद्धा उजळ रंगाच्या कृष्णवर्णीय मुलांनी त्याला त्याच्या रंगावरून छळलं होतं. म्हणजे एकाच माणसावर दोन बाजूंनी मार, बाहेरून गोऱ्यांचा आणि आतून आपल्याच लोकांतल्या उतरंडीचा, आणि मला वाटतं अ‍ॅबटने पेपर शिकलेल्या उच्चभ्रू लोकांसाठी न काढता हमाल, धोबिणी, खाटीकखान्यातले मजूर यांच्यासाठी काढला त्याचं मूळ इथे आहे. आपल्याकडच्या वाचकांना ही आतली उतरंड वेगळी समजावून सांगायला नको.

शिकागोत तेव्हा काळ्या लोकांचे पेपर नव्हते असं नाही, ब्रॉड अ‍ॅक्स होता, कन्झर्व्हेटर होता, इंडियानापोलिसचा फ्रीमन येऊन विकला जायचा. बाजार भरलेलाच होता आणि तोही छोटा, कारण 1910 च्या जनगणनेत शिकागोची काळी लोकसंख्या 44,103 आहे, एवढ्यात तीन-चार पेपर. सगळ्यांनी त्याला वेड्यात काढलं. पहिली काही वर्षं तो एकटाच सगळं करायचा, बातमी गोळा करा, लिहा, जाहिरात आणा, अंक खांद्यावर घेऊन स्टेट स्ट्रीटवर दारोदार विका, सलूनमध्ये, चर्चबाहेर, पत्त्याच्या क्लबात. ऑफिसचं भाडं परवडेना तेव्हा घरमालकीण हेन्रिएटा ली यांनी आपल्या घरातली जेवायची खोली दिली, तिथून पेपर निघायला लागला, ती बाई त्याला जेवायलाही घालायची. पैसे आल्यावर त्याने तिला घर घेऊन दिलं. डिफेंडरचा इतिहास लिहिताना या बाईचं नाव पहिल्या पानावर यायला हवं असं मला मनापासून वाटतं, बिनपगारी आणि बिनभाड्याची अशी एक तरी व्यक्ती मागे असल्याशिवाय छोटे पेपर पहिली पाच वर्षं काढत नाहीत.

1910 च्या सुमाराला जे. हॉकली स्मायली हा मॅनेजिंग एडिटर म्हणून आला आणि पेपरचा चेहरा बदलला. हर्स्ट या बड्या गोऱ्या पेपरमालकाच्या पेपरांचा जमाना होता, भडक मोठ्या हेडलाइन, लाल शाई, तोच थाट स्मायलीने डिफेंडरला दिला. पानांचे विभाग पाडले, खेळ वेगळा, नाटक-सिनेमा वेगळं, बायकांचं वेगळं, संपादकीय वेगळं, आज हे इतकं साधं वाटतं पण काळ्या लोकांच्या पेपरांत तेव्हा ते नव्हतं. लिंचिंगच्या, म्हणजे जमावाने काळ्या माणसाला धरून ठार मारल्याच्या, बातम्या पहिल्या पानावर, ठळक, नावागावासकट. दक्षिणेतले गोरे पेपर या बातम्या एक तर छापायचे नाहीत किंवा मारला गेलेलाच गुन्हेगार होता असं छापायचे, तिथल्या काळ्या संपादकाने खरं छापलं तर त्याचा छापखाना उद्ध्वस्त करायचे, मेम्फिसमध्ये आयडा वेल्स या काळ्या पत्रकार बाईंच्या पेपरचं 1892 मध्ये तेच झालं होतं. अ‍ॅबट शिकागोत बसलेला होता, जमावाच्या हाताबाहेर. त्यामुळे दक्षिणेतल्या माणसाला आपल्याच जिल्ह्यात काय झालं हे शिकागोच्या पेपरातून कळायचं.

पण कळणार कसं, पेपर तिथे पोचला तर ना. आणि इथे मी थोडा रेंगाळणार आहे.

पुलमन कंपनी शिकागोची, तिचे झोपायचे डबे अख्ख्या देशातल्या रेल्वेला जोडलेले, आणि त्या डब्यांत प्रवाशांची सरबराई करणारे नोकर, म्हणजे पोर्टर, जवळजवळ सगळे काळे, दहा हजारांच्या आसपास माणसं. पगार किती, तर 1915 च्या सुमाराला महिन्याला साधारण साडेसत्तावीस डॉलर, त्यासाठी महिन्याला 400 तास काम किंवा 11,000 मैल प्रवास, बाकी टिपवर जगायचं, आणि प्रवासी हाक मारायचे ती ‘जॉर्ज’ म्हणून, कंपनीचा संस्थापक जॉर्ज पुलमन म्हणून त्याचा प्रत्येक नोकर जॉर्ज. या माणसांकडे दोन गोष्टी होत्या ज्या कुठल्याही सर्क्युलेशन मॅनेजरला हव्या असतात, ठरलेला रूट आणि ठरलेली वेळ. इलिनॉय सेंट्रलची लाइन शिकागोहून मेम्फिस, जॅक्सन करत न्यू ऑर्लिन्सला जायची, सरळ मिसिसिपीच्या कापूस पट्ट्यातून. अंकांचे गठ्ठे पोर्टर आपल्या सामानात घेऊन जायचे, आणि जिथे स्टेशनवर शेरीफचे, म्हणजे तिथल्या पोलीसप्रमुखाचे, लोक उभे असायचे तिथे गाडी गावात शिरायच्या आधीच गठ्ठा बाहेर टाकायचा, तिथे आपला माणूस उभा. तो न्हावी असेल, पाद्री असेल, दुकानदार असेल. नाटक-गाण्याच्या कंपन्यांमधले फिरते कलाकारही हेच करायचे.

मी या धंद्यात आहे म्हणून सांगतो, याचं मोल फार मोठं आहे. पेपरच्या खर्चात वाहतूक हा असा खर्च आहे की तो कधी कमी होत नाही, खप वाढला की वाढतोच, आणि अ‍ॅबटला देशभर पोचायला तो जवळपास लागलाच नाही. दुसरं, सगळा पोस्टानेच पाठवला असता तर गावचा पोस्टमास्तर बहुतेक गोरा, अंक टेबलाखाली गेला असता आणि वर्गणीदारांची यादी शेरीफच्या हातात. पोर्टरच्या रूटमध्ये यादीच नाही. कुणाला दिला हे फक्त देणाऱ्याला माहीत. आणि तिसरी गोष्ट जी मला सगळ्यात जास्त भारी वाटते ती म्हणजे हाच रूट उलट्या दिशेनेही चालायचा. परत येताना पोर्टर प्रवाशांनी डब्यात टाकून दिलेले गावोगावचे पेपर गोळा करून डिफेंडरच्या ऑफिसात आणून द्यायचे, सोबत वाटेत ऐकलेल्या बातम्या, आणि स्मायली त्यातून पानंच्या पानं भरायचा. एकही पगारी बातमीदार न ठेवता अ‍ॅबटला देशभरातून बातम्या मिळायला लागल्या. तेव्हाच्या गोऱ्या मालकांच्या श्रीमंत पेपरांनाही दक्षिणेतल्या काळ्या वस्त्यांच्या आतली बातमी अशी मिळत नव्हती, मिळवावीशीही वाटत नव्हती.

आणि एक अंक एकाने वाचला असं नव्हतंच. सलूनमध्ये एक जण मोठ्याने वाचायचा, दहा ऐकायचे, वाचता न येणारेही विकत घ्यायचे आणि कुणाकडून तरी वाचून घ्यायचे. खपाचे आकडे बघा, 1916 च्या आसपास 50,000, 1920 च्या सुमाराला सव्वा लाखाच्या पुढे, आणि पेपरचा स्वतःचा दावा तर दोन लाखांच्याही वर. दावे मालक लोक फुगवूनच सांगतात, ते सोडून द्या, महत्त्वाचं हे की यातला सुमारे दोन तृतीयांश खप शिकागोच्या बाहेरचा होता. शहराचा साप्ताहिक पेपर आणि दोन तृतीयांश खप शहराबाहेर, हे गणित मी दुसऱ्या कुठल्याही पेपरचं पाहिलेलं नाही.

आता दुसरा प्रश्न, स्थलांतराचा. यात आधी एक गोष्ट स्पष्ट करतो जी बरेचदा गाळली जाते. अ‍ॅबट सुरुवातीला लोकांना गाव सोडा म्हणत नव्हता. 1915 पर्यंत त्याचं म्हणणं दक्षिणेतच राहा आणि लढा असंच होतं, कारण शिकागोत येऊन काम कुठे होतं, कारखान्यांची दारं काळ्यांना बंद, तिथे युरोपातून बोटी भरभरून मजूर येत होते. 1914 ला युरोपात युद्ध पेटलं, बोटी आटल्या, ऑर्डरी वाढल्या, आणि शिकागोच्या खाटीकखान्यांना, स्टील मिलना, रेल्वेला माणसं मिळेनाशी झाली. तिकडे दक्षिणेत बोंडअळीने कापूस खाल्ला, वर पूर, वर लिंचिंग, वाट्याने शेती करणाऱ्याचं कर्ज कधीच फिटत नाही. म्हणजे ढकलणारं आणि ओढणारं दोन्ही एकदम झालं. लोक निघायला लागले ते यामुळे. डिफेंडरने ते सुरू केलं असं म्हणणं चूक आहे, 1916 मध्ये लोक निघालेत हे अ‍ॅबटला दिसलं आणि मग त्याने आपली भूमिका फिरवली. मला यात कमीपणा वाटत नाही उलट मोठेपणा वाटतो, आपण इतकी वर्षं लिहिलेलं बाजूला ठेवून वाचकाच्या मागे जायला संपादकाला धाडस लागतं.

पण एकदा फिरवल्यावर मात्र पूर्ण ताकदीने. शिकागोतल्या पगारांचे आकडे, नोकरीच्या जाहिराती, शाळांचे फोटो एका बाजूला आणि दक्षिणेतल्या शाळेचं पडकं खोपट दुसऱ्या बाजूला, रेल्वेच्या वेळा, दहा ते पन्नास जणांनी मिळून तिकीट काढलं तर सवलत मिळते तिची माहिती. आणि मग तारीख जाहीर केली, 15 मे 1917, ‘ग्रेट नॉर्दर्न ड्राइव्ह’, त्या दिवशी उत्तरेला निघायचं. त्या दिवशी खास गाडी वगैरे काही नव्हती. पण तारीख दिल्यावर काय होतं ते बघा, उद्या बघू परवा बघू करणारा माणूस घरातली कोंबडी-भांडी विकायला काढतो. डिफेंडरला त्या काळात आलेली पत्रं एमेट स्कॉट यांनी गोळा करून 1919 मध्ये छापली, ती मिळाली तर जरूर वाचा, स्पेलिंगच्या चुका तशाच ठेवल्यात. 15 मेच्या गाडीचं भाडं किती, माझ्यासोबत इतकी माणसं आहेत, मला मोल्डिंगचं (धातूच्या ओतकामाचं) काम येतं, मला स्वयंपाक येतो, आणि बऱ्याच पत्रांत विनवणी की हे छापू नका, नाव बाहेर आलं तर इथे आमचं काही खरं नाही. पेपरला लोक असं लिहितात म्हणजे तो पेपर त्यांना कुठल्याही सरकारी ऑफिसपेक्षा जवळचा होता. ही पत्रं नोकऱ्या शोधून देणाऱ्या अर्बन लीगसारख्या संस्थांकडे जायची, ती संस्था शिकागोत 1916 मध्येच सुरू झाली होती.

दक्षिणेतल्या गोऱ्या सत्तेला हे किती झोंबलं त्याचा पुरावा त्यांच्या कायद्यांत आहे. जॉर्जियातल्या मेकन शहराने मजूर नेणाऱ्या एजंटाला 25,000 डॉलरचं लायसन्स लावलं, वर दहा पाद्री, दहा कारखानदार आणि पंचवीस व्यापाऱ्यांची शिफारस पाहिजे. डिफेंडर विकणाऱ्यांना मारहाण झाली, गावाबाहेर हाकललं, काहींचा जीव गेला. आर्कान्सॉ राज्यातल्या फिलिप्स काउंटीत 1919 मध्ये झालेल्या काळ्या लोकांच्या हत्याकांडानंतर तिथले गव्हर्नर ब्रो यांनी केंद्राकडे मागणी केली की डिफेंडर पोस्टातून बंद करा, आणि मिसिसिपीने 1920 मध्ये कायदाच केला की सामाजिक समतेचा पुरस्कार करणारा मजकूर छापणं-वाटणं गुन्हा. केंद्र सरकारचे लोकही युद्धाच्या काळात त्याच्या मागे होते, अ‍ॅबटने वॉर बाँड (युद्धासाठीचे सरकारी कर्जरोखे) घेतले, वाचकांना घ्यायला लावले, आणि देशाशी निष्ठा व लिंचिंगचा विरोध दोन्ही एकाच पानावर चालू ठेवलं.

शिकागोची काळी लोकसंख्या 1920 ला 1,09,458 झाली. दहा वर्षांत अडीचपट. आता लोकांना बोलावलं तर जबाबदारीही आलीच, आणि अ‍ॅबटने नवख्यांसाठी याद्या छापल्या, खिडकीतून बाहेर लोंबकळू नका, घरातले कपडे आणि सपाता घालून रस्त्यावर फिरू नका, ट्रामध्ये मोठ्याने बोलू नका. आज वाचताना हे खटकतं, खेड्यातून आलेल्या माणसाला शहरातल्या जुन्या काळ्या मध्यमवर्गाने नाक मुरडल्यासारखं वाटतं, आणि ते काही प्रमाणात होतंही. पण गोऱ्यांना भांडायला निमित्त मिळेल ही त्याला जी भीती होती ती खरी ठरली.

27 जुलै 1919, शिकागोच्या 29 व्या स्ट्रीटच्या किनाऱ्यावर यूजीन विल्यम्स हा 17 वर्षांचा काळा मुलगा तराफ्यावरून पाण्यात गोऱ्यांची समजल्या जाणाऱ्या बाजूला वाहत गेला, एका गोऱ्याने दगड मारले, मुलगा बुडून मेला, पोलिसाने दगड मारणाऱ्याला पकडलं नाही. दंगल पेटली. 38 मेले, 23 काळे आणि 15 गोरे, 537 जखमी. डिफेंडर तोवर दुसऱ्याच्या प्रेसमध्ये छापला जायचा, आणि दंगलीत तिथे छापणं अशक्य झालं, अंक शेजारच्या इंडियाना राज्यातल्या गॅरी शहरात नेऊन छापावा लागला. अ‍ॅबटने त्यानंतर स्वतःचा प्लांट उभा केला, 1921 मध्ये इंडियाना अ‍ॅव्हेन्यूवर, आधी सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) असलेल्या इमारतीत. प्रेसवर कामाला बहुतेक गोरे प्रिंटर, कारण युनियन काळ्यांना सभासद करून घेत नव्हती आणि युनियन सोडून छापलं तर भांडण. प्रिंटर म्हणून स्वतः ज्या धंद्यात तो शिकला त्या धंद्याचं दार त्याच्याच लोकांना बंद होतं.

त्याच दंगलीच्या अंकात डिफेंडरने एक बातमी छापली की जमावाने एका काळ्या बाईला आणि तिच्या तान्ह्या बाळाला ठार केलं, बाळाचं डोकं खांबावर आपटलं. असं काही घडलंच नव्हतं. गव्हर्नरने चौकशीसाठी सहा काळे सहा गोरे असं बारा जणांचं कमिशन नेमलं, त्यात अ‍ॅबट स्वतः सभासद होता, आणि त्या कमिशनच्या 1922 च्या रिपोर्टमध्ये ही खोटी बातमी उदाहरण म्हणून नोंदली आहे. गोऱ्या पेपरांनी याहून जास्त अफवा छापल्या हेही त्याच रिपोर्टमध्ये आहे, पण शहर जळत असताना अशी बातमी तपासल्याशिवाय पहिल्या पानावर घेणं याला मी माफी देऊ शकत नाही. स्मायलीची भडक शैली खप वाढवत होती, तिची किंमत अशा रात्री मोजावी लागते.

अ‍ॅबटबद्दल भक्तीने लिहिणारे आणखी दोन-तीन गोष्टी टाळतात. मार्कस गार्वी या काळ्या लोकांच्या लोकप्रिय पुढाऱ्याशी त्याचं वैर. गार्वी म्हणत होता आफ्रिकेकडे चला, अ‍ॅबट म्हणत होता अमेरिका आमची आहे, मतभेद समजू शकतो, पण 1923 च्या जानेवारीत ज्या आठ जणांनी अ‍ॅटर्नी जनरलला (केंद्र सरकारच्या मुख्य कायदा अधिकाऱ्याला) पत्र लिहून गार्वीवरचा खटला जोरात चालवा म्हणून सांगितलं त्यात अ‍ॅबटची सही आहे, आणि आपल्याच लोकांच्या पुढाऱ्याला तुरुंगात पाठवायला सरकारकडे जाणं मला पटत नाही. दुसरं, जाहिराती. रंग उजळ करण्याच्या क्रीमच्या जाहिराती डिफेंडरमध्ये वर्षानुवर्षं भरभरून आल्या. ज्याला रंगावरून वकिली सोडावी लागली त्याच्या पेपरात. मोठे गोरे व्यापारी काळ्यांच्या पेपरला जाहिराती देत नव्हते, जे देत होते त्यांच्यावर पेपर चालायचा हे मी समजतो, तरी तो निर्णय मालकाचाच होता.

आणि तिसरं, जे मला सगळ्यात जास्त लागतं. 1925 मध्ये ए. फिलिप रँडॉल्फ या काळ्या कामगार पुढाऱ्यांनी पोर्टर लोकांची युनियन काढली, तेव्हा डिफेंडर त्यांच्या विरोधात गेला. पुलमन कंपनीच्या जाहिराती पेपरात येत होत्या, शिकागोतले अनेक पाद्री आणि पुढारी कंपनीच्या बाजूने होते, कंपनी काळ्यांना नोकऱ्या देते तर तिच्याशी भांडू नका असा युक्तिवाद. ज्यांच्या खांद्यावरून पेपर देशभर गेला, ज्यांनी शेरीफच्या नाकासमोरून गठ्ठे नेले, त्यांच्या पगाराच्या लढाईत पेपर मालकाच्या बाजूला. पोर्टर चिडले, बहिष्काराची भाषा सुरू झाली, आणि दोनेक वर्षांत डिफेंडरने भूमिका बदलून युनियनला पाठिंबा दिला. पुलमन कंपनीने करार केला 1937 मध्ये, बारा वर्षं लागली त्या लोकांना. आमच्या खात्यात अंक पोचवणाऱ्या पोरांना पेपरमधला शेवटचा माणूस समजतात, कमिशन वाढवा म्हटलं की मॅनेजमेंटचा चेहरा बदलतो, म्हणून हे प्रकरण मला परकं वाटत नाही.

चांगलंही तितकंच आहे. बेसी कोलमन या मुलीला अमेरिकेत कुणी विमान शिकवेना, अ‍ॅबटने तिला फ्रान्सला जा म्हणून पाठबळ दिलं, 1921 मध्ये ती लायसन्स घेऊन आली आणि डिफेंडरने तिचं नाव देशभर केलं. 1923 मध्ये मुलांचं पान काढलं, बड बिलिकेन नावाच्या काल्पनिक मुलाच्या नावाने, कारण पेपर विकणारी पोरं त्याच्या डोळ्यासमोर होती, आणि 1929 पासून त्याच नावाची परेड सुरू केली जी शिकागोत आजही ऑगस्टमध्ये निघते. पैसा भरपूर मिळाला, अमेरिकेतल्या पहिल्या काळ्या लक्षाधीशांत त्याचं नाव घेतात, रोल्स रॉइस, मोठं घर, युरोप-ब्राझीलचे प्रवास. मंदीत मात्र सगळं खाली आलं, दक्षिणेतून आलेल्या वाचकाचीच नोकरी गेली तर तो पेपर कुठून घेणार, आणि अ‍ॅबटने स्वतःचे पैसे ओतून पेपर चालू ठेवला. तब्येतही ढासळली, टीबी आणि मूत्रपिंडाचा आजार.

स्वतःचं मूल नव्हतं. त्याने पुतण्याला तयार केलं, जॉन सेंगस्टाक, सावत्र वडिलांच्याच घराण्यातला, हॅम्प्टनलाच शिकलेला. फेब्रुवारी 1940 च्या शेवटी या जॉनने देशभरातल्या काळ्या पेपरांच्या मालकांना शिकागोला बोलावलं, एकमेकांचे अंक पाडण्यापेक्षा जाहिराती आणि बातम्यांसाठी एकत्र येऊ म्हणून, आणि बैठक सुरू झाली त्याच दिवशी, 29 फेब्रुवारीला, अ‍ॅबट गेला. त्या बैठकीतून निघालेली प्रकाशकांची संघटना अजून चालू आहे. डिफेंडर 1956 मध्ये दैनिक झाला, छापील अंक जुलै 2019 पर्यंत निघाला, आता फक्त ऑनलाइन आहे.

तेव्हा तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं माझं उत्तर असं की अ‍ॅबटने लोकांना गावातून उठवलं नाही, ते उठलेच होते, त्याने त्यांना तारीख, भाडं, पत्ता आणि तिकडे आपलं कुणीतरी आहे ही खात्री दिली, आणि ही खात्री त्यांच्या हातात ठेवणारा माणूस पुलमनचा पोर्टर होता ज्याचं नाव आपल्याला बहुतेक वेळा माहीत नाही. याबद्दल आणखी खोलात वाचायचं असेल तर अ‍ॅबटच्या चरित्राच्या आधी ती 1917 ची पत्रं आणि 1922 चा कमिशनचा रिपोर्ट वाचा, दोन्ही जुने असल्याने नेटवर फुकट मिळतात, आणि रिपोर्टमधला वर्तमानपत्रांवरचा भाग सोडू नका.